पितळेच्या अक्षता

सोयाबीनचा भुसा उडायला लागला की मला माणसांचा राग यायला लागतो. बाकीच्यांना या दिवसांत काय काय आठवतं. कुणाला कोजागरीचं दूध, कुणाला झेंडूचे हार, कुणाला माहेरची वाट. मला आठवतो तो भाऊसाहेबांचा उजवा हात, त्यातल्या जाडजूड अंगठ्या, आणि त्या हातानं हसत हसत उधळलेली आमची अख्ख्या भादव्याची मेहनत.

यंदाही हडंबा आलाच. हडंबा म्हणजे आमच्याकडचं थ्रेशर, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं लाल धूड. मानोऱ्यात बसस्टँडच्या मागे माझं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे आणि त्याच्यासमोर मोकळी जागा. ही जागा वर्षभर म्हशींची असते, दसरा जवळ आला की सोयाबीनची होते. एका बाजूनं पेंढ्या कोंबायच्या, दुसऱ्या बाजूनं दाणे पडतात, आणि तिसऱ्या बाजूनं, म्हणजे नेमका माझ्या खिडकीच्या बाजूनं, भुसा. बारीक, पिवळट, खाजरा. तो डोळ्यांत जातो, चहात पडतो, मशीनच्या तेलात बसून तेलाची पेज करतो. म्हणून मी खिडकीला ओलं पोतं लावते, पंखा बंद करते आणि त्या उबाऱ्यात घाम पुसत बसून काम करते.

"पंखा काहून लावत नाई ताई? लाइन तर हाय," येणारा प्रत्येक जण विचारतो. पंख्याच्या वाऱ्यानं माल उडतो हे सांगणं मी आता सोडून दिलं आहे. एकदा एका पाहुण्याला सांगितलं, तर तो इतका हसला की त्याच्या हसण्यानंच दोन नग टेबलावरून खाली गेले. ते शोधायला तो काही थांबला नाही.

मी बारीक सुटे भाग बनवते. बारीक म्हणजे किती, हे आमच्या भागात समजावून सांगणं कठीण आहे, कारण इथलं लहानात लहान माप म्हणजे सूत. सुतार सुतात बोलतो, लोहार सुतात बोलतो, आणि सुताच्या खाली दोघेही "अंदाजपंचे" म्हणतात. माझं काम सुताच्या कितीतरी खाली सुरू होतं. डोक्यावरचा एक केस घ्या, त्याची जाडी मनातल्या मनात दहा भागांत वाटा, त्यातला एक भाग इकडेतिकडे झाला तर माझा माल भंगारात जातो. पुण्यात बरीच वर्षं मी टूलरूममध्ये हेच केलं. तिथून परत आले तेव्हा जुन्या बाजारातून घड्याळजीच्या कामाचं एक छोटं लेथ आणलं. छोटं म्हणजे माणसानं उचलून मांडीवर ठेवावं एवढं. ते टेम्पोतून उतरवायला आमचे घरमालक बबनराव चार गडी घेऊन उभे होते. मी ते एकटीनं उचलून आत नेलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही पडला, जणू मी त्यांची फसवणूक केली होती.

मोठेपणाचं हे वेड मला कधीच कळलं नाही. आमच्याकडे माणसं ट्रॅक्टर घेताना तो केवढा दिसतो हे आधी पाहतात. गावाची कमान गावापेक्षा उंच असते. वाढदिवसाचा फ्लेक्स ज्याचा वाढदिवस त्याच्या घराएवढा असतो, आणि त्यावर त्याच्या चेहऱ्याखाली आणखी तीस चेहरे. शेलूबाजारला हायवेवर उभं राहून लोक मोठमोठे कंटेनर जाताना बघतात आणि घरी येऊन सांगतात, आज केवढा मोठा कंटेनर गेला. त्यात काय होतं हे कुणी विचारत नाही.

भाऊसाहेबांनी ती मेहनत उधळली त्या वर्षी मी पाण्याच्या मीटरसाठी आस बनवत होते. मीटरमधून पाणी पुढे गेलं की आतलं एक चक्र फिरतं, ते दुसऱ्याला फिरवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि आकडा सरकतो. चक्राच्या पोटातून जाणारी जी पितळेची काडी, ती आस. लांबीनं तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही टोकांना सुईसारखी निमुळती. पुण्याच्या एका कंपनीच्या मीटरमध्ये ही टोकं सारखी मोडत होती. मी त्यांचा नमुना भिंगाखाली धरला आणि दोन मिनिटांत कळलं, की जिथे जाड काडी संपून बारीक टोक सुरू होतं तिथे आतला कोपरा अगदी काटकोनात कापलेला आहे. धारदार कोपरा आला की तडा तिथूनच जातो. मी त्या कोपऱ्याला किंचितशी गोलाई दिली आणि नवं चित्र काढून पाठवलं. कंपनीतल्या तरुण इंजिनियरला ते पटलं. फोनवर तो म्हणाला, "छान आहे. पण मानोरा म्हणजे नेमकं कुठं? नांदेडच्या बाजूला का?" मी हो म्हणून टाकलं. मीटर मोजणार पाणी, त्याचा आस बनणार मानोऱ्यात, जिथे नळाला पाणी आलं तर बाया एकमेकींना फोन करून सांगतात. त्याला भूगोल कुठून शिकवायचा?

ते चित्र मी पन्नासपट मोठं काढलं होतं आणि भिंतीला लावलं होतं. बबनराव त्याच्यापुढे हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. "देवळाचा खांब हाय का हो ताई? लय मोठं काम धरलं म्हणा की." मी चिमट्यानं एक आस उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो पाहिला, हात उलटा केला, पुन्हा सरळ केला. "एवढूसंच?" ते म्हणाले.

एवढूसंच. हा शब्द मी या गावात इतक्या वेळा ऐकला आहे की तो आता मला माझ्या नावासारखा वाटतो.

पूनम मात्र तसं कधी म्हणाली नाही. पूनम मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरची, आयटीआयमध्ये टर्नरचं शिकलेली, जिभेनं माझ्यापेक्षा तिखट. पहिल्या दिवशी आस हातात घेऊन तिनं विचारलं होतं, "ताई, हे कोनाले दिसलं तं पाह्यजे ना?" मी म्हटलं, दिसलं नाही तरच ते बरोबर. ती म्हणाली, "मंग मले जमते. माह्यावाल्या कामाकडं आजवर कोनं पाह्यलं नाई." बबनराव तिला येता-जाता उपदेश करत की पोरीनं शिवणकाम शिकावं. एकदा तिनं त्यांना विचारलं, "काका, तुमी काय शिकले?" ते तेव्हापासून तिच्याशी जरा जपून बोलत.

तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. आमच्याकडच्या तांड्यांवरून दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाचा ट्रक येतो, त्यात भांडी, धान्य, शेळ्या, लेकरं चढतात, आणि घरांना कुलपं लागतात. ऊसतोडीत एकट्या माणसाला किंमत नसते. तिथे जोडी मोजतात, आणि त्या जोडीला कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत टाकायची. पूनमच्या बापाच्या कोयत्याची दुसरी बाजू म्हणजे तिची आई, जमनाबाई. आदल्या हंगामात जमनाबाईंची कंबर धरली होती. त्यांना वाकलं तर उठवत नव्हतं. म्हणजे त्या वर्षी कोयता पुरा करायला पूनमनं जायचं, हे घरात ठरल्यासारखं होतं. माझ्याकडे बारमाही काम असतं तर बापानं दुसरी सोय पाहिली असती. बारमाही काम त्या आसांवर होतं. शंभर नगांचा नमुना दिवाळीच्या आत पाठवायचा, तो पास झाला तर वर्षभराचं काम. नाहीतर पूनम उसात.

म्हणून तो भादवा आम्ही दोघी त्या लेथला चिकटून होतो. पितळेची तार कंपनीनं पाठवलेली, खास मिश्रणाची, मोजकीच. बिघडलेल्या नगांना धरून जेमतेम पुरेल एवढी. दुपारी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि लेथचा आवाज जड व्हायचा. तो ऐकला की पूनम हत्यार मागे घ्यायची, हात पुसायची आणि महावितरणच्या नावानं गोरमाटीत काहीतरी बोलायची. ती त्यांची घरातली भाषा. अर्थ मला कळत नसे, सूर पूर्ण कळे. पोत्यातून गाळून आलेला ऊन-पिवळा उजेड, पितळेचा तो जरासा गोड जरासा तिखट वास, बोटांना चिकटलेलं तेल, आणि भिंगाखाली अचानक मोठी होऊन दिसणारी आसाची गोलाई. मी आयुष्यात सुंदर म्हणावं असं फार थोडं पाहिलं आहे. ती गोलाई त्यात आहे.

खंडेनवमीला शेवटचे नग झाले. पूनमनं ते सगळे पेट्रोलमध्ये धुतले, स्टीलच्या ताटात पसरले आणि वाळायला टेबलावर ठेवले.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते. नांगर, विळा, मोटारसायकल, पिठाची गिरणी, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडू. मी ती करत नाही. आमचं घर इंझोरीच्या बौद्ध वस्तीतलं. दसरा म्हणजे आमच्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा दिवस. शिवाय माझ्या मते मशीन तेल मागतं, कुंकू नाही. पण दुसऱ्याच्या श्रद्धेला मी कधी आडवी येत नाही. पूनमनं सकाळी येऊन लेथला एक झेंडूचं फूल वाहिलं, डोळे मिटले, आणि फूल उचलून बाजूला ठेवलं, कारण पाकळ्या आत पडल्या असत्या. अशा पूजेबद्दल मला आदरच आहे.

माझा राग आहे तो हौसेवर. बबनरावांना हौस आली की यंदा पूजा भाऊसाहेबांच्या हस्ते करायची. भाऊसाहेब हे कशाचे तरी अध्यक्ष होते. कशाचे, ते त्यांच्या फ्लेक्सवरही नीट लिहिलेलं नसे. तालुक्यात जिथे नारळ फुटायचा असेल तिथे ते उभे असत, एवढं त्यांचं कर्तृत्व. "आपल्या जागेत कारखाना हाय, मोठ्या मान्साचा हात लागला पाह्यजे," बबनराव म्हणाले. माझ्या दोन खोल्यांना कारखाना म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी येणारे भाऊसाहेब ऊन कलल्यावर आले. मागे पंधरा-वीस माणसं, फोटोवाला, आणि एक ताशा. एवढी माणसं त्या खोलीत मावेनात, म्हणून कुणीतरी मला अदबीनं म्हणालं, "बाई, जरा बाहीर थांबता का, फोटोत येऊन राह्यले तुमी." अशी मी माझ्याच वर्कशॉपच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगात उभी. बबनरावांच्या मंडळींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पूजेचं ताट आणलं आणि जागा दिसली तिथे, म्हणजे आसांच्या ताटाशेजारी, ठेवलं. दोन्ही ताटं स्टीलची. एकात हळद लावलेल्या तांदळाच्या अक्षता. दुसऱ्यात धुऊन लखलखीत झालेले पितळेचे आस, तेवढेच लांब, तसेच पिवळे. भाऊसाहेब चष्मा लावतात, पण फोटोत लावत नाहीत. ताशा वाजायला लागला, त्यांनी फोटोवाल्याकडे तोंड केलं, हात बाजूला नेला आणि मूठ भरली.

मला दारातून फक्त एक चकाकी दिसली. पूनम मशीनच्या पलीकडे आरती धरून उभी होती, तिनं सगळं पाहिलं. "ओ साहेब, ते नका टाकू, ते तांदूळ नोहे," ती ओरडली. ताशात तिचं अर्धंच ऐकू गेलं असावं. भाऊसाहेब तिच्याकडे न पाहता म्हणाले, "पोरी, पूजेत नाई म्हनू नये." आणि त्यांनी मूठ उधळली. पुढे जे झालं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. मोठ्या माणसानं ज्या ताटाला हात घातला ते ताट खरं, असं धरून प्रत्येक जण त्याच ताटातून चिमूट घेऊन मशीनवर टाकू लागला. हाताला जड लागतंय, गार लागतंय, टाकल्यावर खणखण वाजतंय, तरी वीस माणसांतल्या एकाला शंका आली नाही. खऱ्या अक्षता शेजारी तशाच पडून होत्या. मी गर्दीत कोपरं मारत आत पोचले तेव्हा आसांचं ताट स्वच्छ झालं होतं. जाता जाता भाऊसाहेब बबनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तांदूळ जाड वापरता तुमी."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते ऐकायलाही कुणी थांबलं नव्हतं. पूनम गुडघ्यांवर बसून फरशीवरचे आस वेचत होती आणि रडत नव्हती. तिच्या रडण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

फरशीवरचे सोपे होते. बरेचसे लेथखालच्या ताटलीत गेले होते, जिथे कापलेल्या पितळेचा चुरा साठतो. पितळेच्या चुऱ्यात पितळेचे आस, वर तेल. बबनरावांना थोडी लाज वाटली असावी. ते घरी गेले आणि जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेला भलामोठा लोहचुंबक घेऊन आले. "हे घ्या, दोन मिंटात वर येते सारं." पितळेला चुंबक लागत नाही असं पूनम म्हणाली. ते म्हणाले, "हा मोठा हाय." त्यांनी तो चुऱ्यावरून बराच वेळ फिरवला. शेवटी त्याला टेबलाचा एक खिळा चिकटला, तो घेऊन ते गेले.

दसऱ्याला माझी आई विहारातल्या बायांबरोबर नागपूरला गेली, मी गेले नाही. त्याच दिवशी जमनाबाई बाजार करून पूनमला न्यायला आल्या. काखेत नवं कोरं सूप होतं. उंच बाई, कपाळावर जुनं गोंदण, कमरेला लुगड्याची पट्टी आवळून बांधलेली. पूनमनं त्यांना त्यांच्या भाषेत झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी चुऱ्यात बोट घालून पाहिलं, एक आस शोधून काढला, दातांखाली धरावा तसा बोटांत दाबला.

"हे उडत नाई आन् हे उडते," त्या चुरा दाखवत मला म्हणाल्या. "पाखडून काहून नाई पाह्यत?"

मी म्हटलं, त्याची टोकं फार नाजूक आहेत, आदळली तर गेली.

"मुंगाची दाळ पाखडतो तं फुटते का?" त्या म्हणाल्या. "पन वल्लं पाखडत नसतात. आंधी वाळवा."

आम्ही चुरा पेट्रोलनं धुतला, चादरीवर उन्हात घातला. जमनाबाईंनी नवं सूप बाजूला ठेवलं, कारण नव्या सुपाला फटी असतात, त्या सारवून बुजवल्याशिवाय ते बारीक माल धरत नाही. त्यांनी बबनरावांच्या मंडळींकडून त्यांचं जुनं, शेणानं लिंपून गुळगुळीत झालेलं सूप मागून आणलं. पाय पसरून बसल्या आणि पाखडायला लागल्या. समोर हडंबा धडधडत होता, सोयाबीनचा भुसा आभाळात जात होता, आणि इकडे माझ्या दारात पितळेचा चुरा उन्हात झळकत उडत होता. सुपाच्या मागच्या कडेला आस गोळा होत होते. मी जवळ वाकून पाहत होते. त्या झटका देत नव्हत्या. सूप नुसतं लहरत होतं. मग त्यांनी सूप तिरपं केलं, गोल काड्या घरंगळत फडक्यावर आल्या, वेडावाकडा जड चुरा मागे राहिला. मध्येच त्या थांबायच्या, कमरेवर हात दाबायच्या, दात ओठांवर यायचे. पूनम "याडी, रेन दे" म्हणायची, म्हणजे आई, राहू दे. त्या ऐकायच्या नाहीत. मी माणसांबद्दल फारसं चांगलं बोलत नाही, पण त्या दुपारी त्या बाईचे पाय धरावेत असं मला मनापासून वाटलं.

भिंगाखाली एकेक नग पाहिला. काहींची टोकं गेली होती, ती भाऊसाहेबांची आणि फरशीची कृपा. काही सापडलेच नाहीत, कुणाच्या केसांत, कुणाच्या चपलेत गावभर गेले असतील. पण जादा बनवलेले धरून शंभर भरले. मी स्वतः जीपमध्ये बसून शेलूबाजारला गेले आणि डबी कुरियरवाल्याच्या हातात दिली. त्यानं ती हलवून पाहिली. "रिकामी हाय का ताई?" त्यानं विचारलं.

मग वाट पाहणं. दिवाळीच्या आधी बसस्टँडवर भाऊसाहेबांचा शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. त्यात आमच्याच पूजेचा फोटो होता. भाऊसाहेब हसताहेत, हात उंच, आणि हवेत माझे आस. फ्लेक्स इतका मोठा होता की प्रत्येक आस काकडीएवढा झाला होता. मी दिलेली गोलाई लांबून दिसत होती. माझं काम गावानं एकदाच नीट पाहिलं ते असं, आणि त्याखाली लिहिलं होतं, उद्योगाचे शिल्पकार. पूनमनं तो फ्लेक्स पाहिला आणि म्हणाली, "ताई, कंपनीले हाच फोटो पाठवा. लवकर पास करतीन."

कंपनी काही बोलेना. त्या इंजिनियरनं फोन उचलणं बंद केलं होतं, नंतर कळलं की तो दिवाळीला जोडून रजा काढून हिंडायला गेला होता. त्याच्यासाठी तो आठवडा म्हणजे आठवडा होता. इकडे तांड्यावर मुकादमाचा ट्रक यायचा दिवस ठरला. मी पूनमच्या बापाला म्हटलं, थोडं थांबता येईल का. तो वाईट माणूस नव्हता. "ट्रक थांबत नाई ना ताई," एवढंच म्हणाला.

त्या सकाळी मी निरोप द्यायला तांड्यावर गेले. हवेत गारवा आला होता, कापलेली सोयाबीनची वावरं काळी पडली होती, मध्ये तुरीचे पट्टे तेवढे हिरवे. ट्रक भरला होता. पूनमची लोखंडी पेटी रस्त्याच्या कडेला खाली होती आणि पूनम तिच्याशेजारी उभी राहून ट्रककडे पाहून भांडत होती. वर, भांड्यांच्या पोत्याला टेकून जमनाबाई बसल्या होत्या. कमरेला रुंद पट्टा, हातात कोयता. मला समजायला वेळ लागला. पूनम त्यांना गोरमाटीत उतर म्हणत होती, पुन्हा पुन्हा. कंपनीचं अजून काहीच आलं नाही, हेही मी मध्येच ओरडून सांगितलं. कदाचित येणारही नाही, असंही म्हणाले.

जमनाबाईंनी उत्तर लेकीला दिलं, पण माझ्याकडे पाहून, मला कळावं म्हणून वऱ्हाडीत दिलं. "मी पाखडलं हाय ते," त्या म्हणाल्या. "खराब निघन कसं?"

ट्रक गेला. पूनम पेटी उचलून माझ्याबरोबर वर्कशॉपला आली, लेथवरचं फडकं काढलं आणि तेल घालायला लागली. काम काहीच नव्हतं. तिनं सगळं मशीन पुसलं, नंतर पुन्हा पुसलं.

नमुना पास झाल्याची मेल आली तेव्हा ऊसतोड जोरात सुरू झाली होती. एका ओळीची मेल, तीत मानोऱ्याचं स्पेलिंग चुकलेलं. पूनमनं आईला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे पाचट वाजत होतं, कुणीतरी ट्रॉली मागे घे म्हणून ओरडत होतं. मी सांगितलं, पास झालं, सगळेच्या सगळे. "मंग?" जमनाबाई म्हणाल्या. "मी सांगतलं नोहतं का?" आणि फोन ठेवला, कारण मोळी बांधायची राहिली होती. उन्हाळ्यात त्या परत आल्या तेव्हा कमरेतून वाकलेल्या होत्या. डॉक्टर झाले, तेल झालं, पट्टे झाले. ती कंबर पुन्हा सरळ झाली नाही.

आता दोन लेथ आहेत. एक पूनमचं, एक माझं. पूनमचा बाप राखणदारीला लागला, ट्रकात चढत नाही. बबनरावांच्या मंडळींचं सूप आम्ही परत केलं नाही, चुरा अजून त्यानंच वेगळा होतो. जमनाबाई दुपारी येतात, दाराशी फडकं अंथरून बसतात आणि पाखडतात. कंपनीचा तो इंजिनियर एकदा येऊन हे पाहून गेला, मोबाइलवर व्हिडिओ काढला, आणि "अमेझिंग" म्हणून निघून गेला. त्याला सुपाची किंमत विचारायची होती. कमरेची त्याला दिसली नाही.

आणि काल खंडेनवमी झाली. बबनरावांची हौस कमी झालेली नाही, भाऊसाहेबांच्या अंगठ्या कमी झालेल्या नाहीत. यंदा ताशे दोन होते. मी सगळा माल सकाळीच कपाटात कुलपात घातला होता. बाहेर होतं ते फक्त जमनाबाईंच्या मांडीवरचं सूप, त्यात पाखडून निवडलेले मूठभर आस. भाऊसाहेब आत आले, त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, फोटोवाल्याकडे तोंड केलं, आणि काहीतरी पिवळं चकाकताना दिसलं म्हणून हात तिकडे नेला.

जमनाबाईंनी सूप ओढून पोटाशी घेतलं. दुसऱ्या हातानं बबनरावांच्या मंडळींनी शेजारी जमिनीवर ठेवलेल्या ताटातले थोडे तांदूळ उचलले आणि मूठ पुढे केली. पण त्यांना चटकन उठता येत नाही, आणि बसल्या बसल्या मान वर करून हात उंचही नेता येत नाही. ती मूठ जमिनीपासून वीतभर वर तशीच थांबली. ताशे थांबले. खोलीतली सगळी माणसं बघत होती. मग भाऊसाहेबच वाकले, चांगले कमरेतून वाकले, आणि हाताची ओंजळ केली.

"हे तांदूळ तुमचे," जमनाबाई म्हणाल्या. "ते माहे हायेत."